अमेरिकन हत्यारांसाठी ३ केव्हीएचा ११० व्होल्ट ट्रान्सफॉर्मर: वापरानंतरचा अभिप्राय

अमेरिकेत काही वर्षे राहून पुण्याला परतलेल्या माझ्या थोरल्या भावाने सामानाबरोबर लाकूडकामाची बरीच विजेची हत्यारे आणली. त्यांत लाकडात खाचा पाडणारा १५ अँपिअरचा राउटर, गोल पात्याची करवत, पॉलिश पेपरचा सँडर, बाकावर बसवायचा ग्राइंडर आणि बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलचा संच आहे. ही सर्व हत्यारे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनलेली आहेत आणि आपल्या घरात २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची वीज येते. ती चालवता यावीत म्हणून आम्ही पुण्यातल्याच एका छोट्या वाइंडरकडून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या तारा गुंडाळणाऱ्या कारागिराकडून, ३ केव्हीएचा (३००० व्होल्ट-अँपिअर क्षमतेचा) स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा, ट्रान्सफॉर्मर बनवून घेतला. माझे मत आधीच सांगतो. कार्बन ब्रशची मोटार असलेली दोन-तीन दमदार हत्यारे हाताशी असतील, तर असा ट्रान्सफॉर्मर घेण्यासारखा आहे. एखादेच लहान हत्यार असेल, तर ते कोणाला तरी देऊन टाकावे आणि इथले २३० व्होल्टचे नवे घ्यावे, कारण चांगल्या ट्रान्सफॉर्मरची किंमत त्या हत्यारापेक्षा जास्त होते. बिनब्रशच्या इंडक्शन मोटारीचे हत्यार असेल, तर ट्रान्सफॉर्मर निम्माच प्रश्न सोडवतो आणि उरलेला निम्मा आपल्याला समजून घ्यावा लागतो.

पिन बदलून देणारा अॅडॉप्टर आणि व्होल्टेज बदलून देणारा ट्रान्सफॉर्मर यांत गल्लत करणारी माणसे अजूनही भेटतात, म्हणून एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. अॅडॉप्टर फक्त चपट्या पिनांना आपल्या गोल भोकांत जागा करून देतो आणि आत येणारे व्होल्टेज तेवढेच राहते. १२० व्होल्टसाठी बनलेले ६० वॉटचे सोल्डरिंग आयर्न २३० व्होल्टवर लावले, तर ते सुमारे २२० वॉट खाते, कारण कॉइलमध्ये खर्च होणारी शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ब्रशची मोटार त्याच वेळी जवळजवळ दुप्पट वेगाने फिरू लागते, कम्युटेटरवर (ब्रश जिथे घासतात त्या तांब्याच्या भागावर) ठिणग्यांचे कडे दिसते आणि आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरता भाग, थोड्याच वेळात जळू शकतो. राउटरमध्ये त्या वेळी बिट (लाकूड कापणारे पाते) बसवलेला असेल, तर आर्मेचरच्या नुकसानीची चिंता गौण ठरते, कारण बिटवर कोरलेल्या कमाल वेगाच्या पलीकडे गेलेले पाते तुटून कोठे जाईल हे कोणीही सांगू शकत नाही. आपल्याकडच्या एक्स्टेन्शन बोर्डांवर सर्रास दिसणारे ‘युनिव्हर्सल’ सॉकेट हा या बाबतीतला सर्वांत मोठा धोका आहे. त्यात अमेरिकन चपट्या पिना अॅडॉप्टरशिवायही सहज जातात आणि अडवणारे काहीच नसते.

बाजारात गेल्यावर तीन प्रकारच्या वस्तू समोर ठेवल्या जातात आणि तिन्हींना दुकानदार ‘कन्व्हर्टर’ असेच म्हणतात. पहिली वस्तू तळहाताएवढी आणि वजनाला अगदी हलकी असते, तरी तिच्यावर १६०० वॉट किंवा २००० वॉट असा आकडा छापलेला असतो. तिच्यात ट्रान्सफॉर्मर नसतोच. विजेच्या प्रत्येक लाटेचा काही भाग कापून सरासरी खाली आणणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट तिच्यात असते. आपल्या २३० व्होल्टच्या लाटेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टचे असते आणि १२० व्होल्टच्या लाटेचे सुमारे १७० व्होल्टचे. लाट कापली, तरी उरलेल्या तुकड्यात ते ३२५ व्होल्टचे शिखर तसेच राहू शकते. केस वाळवण्याच्या यंत्रातल्या साध्या तापणाऱ्या तारेला ते चालून जाते, परंतु मोटार, वेगनियंत्रकाचे सर्किट किंवा बॅटरीचा चार्जर यांना ही वस्तू कधीही लावू नये.

दुसरा प्रकार ऑटोट्रान्सफॉर्मरचा. त्यात एकच वाइंडिंग (तारेची गुंडाळी) असते आणि तिच्या मधूनच तार बाहेर काढून ११० व्होल्ट घेतलेले असतात. २३० वरून ११० वर येताना त्याच्या लोखंडी गाभ्याला साधारण निम्म्याच शक्तीचा भार पेलावा लागतो, त्यामुळे तो आकाराने लहान, हलका आणि स्वस्त पडतो. बाजारातले बहुसंख्य स्टेप-डाउन याच जातीचे आहेत. पण आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज यांत एक तार सामाईक असते आणि माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे. जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असणे हे काही नवल नाही. तसे असेल, तर हत्याराच्या दोन टोकांत ११० व्होल्ट दिसत असले, तरी त्यांपैकी एक टोक जमिनीच्या तुलनेत पूर्ण २३० व्होल्टवर उभे असते. वाइंडिंगचा सामाईक भाग मध्येच तुटला, तर हत्याराला थेट घरचे व्होल्टेज मिळते. इस्त्रीसाठी किंवा मिक्सरसाठी कोणी हा प्रकार वापरला, तर मी हरकत घेणार नाही. पण हातात धरून, पावसाळ्यात ओलसर फरशीवर उभे राहून चालवायच्या करवतीसाठी मी तो घेतला नसता.

तिसरा प्रकार आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा. त्यात प्रायमरी (वीज आत घेणारी) आणि सेकंडरी (वीज बाहेर देणारी) या दोन वेगळ्या वाइंडिंग असतात, त्यांच्यात तारेचा कोणताही संबंध नसतो आणि शक्ती केवळ गाभ्यातल्या चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. आम्ही घेतला तो हा. दुकानात उभ्या-उभ्या दोहोंतला फरक ओळखायचा असेल, तर वस्तू विजेला न जोडता मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर (दोन टोके तारेने जोडलेली असली की वाजणाऱ्या सोयीवर) ठेवून एक टोक आत येणाऱ्या फेज किंवा न्यूट्रलच्या पिनेला आणि दुसरे टोक बाहेरच्या सॉकेटला लावावे. मीटर वाजला, तर तो ऑटोट्रान्सफॉर्मर आहे, मग डब्यावर काहीही लिहिलेले असो.

आमच्या वाइंडरविषयी थोडे सांगितले पाहिजे. तपकीर गल्लीतल्या दुकानांत चौकशी केली, तेव्हा प्रत्येकाने पहिला प्रश्न वॉटचा विचारला होता. या गृहस्थांनी मात्र विचारले, “मोटार ब्रशची आहे की बिनब्रशची?” त्या एका प्रश्नावरून काम त्यांनाच द्यायचे, असे मी ठरवले. सेकंडरीचा मध्यबिंदू अर्थिंगला जोडून हवा असे मी सांगितले, तेव्हा तेही त्यांना उलगडून सांगावे लागले नाही, कारण इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये असे सेंटर टॅप ते नेहमीच काढतात. ही रचना ब्रिटनमधल्या बांधकामांवर दीर्घकाळ रुळलेली आहे. तिथे हातातली हत्यारे पिवळ्या डब्यातल्या ११० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चालवली जातात आणि सेकंडरीचा मध्य जमिनीला जोडलेला असतो, त्यामुळे कोणतीही उघडी तार हाताला लागली तरी माणसाला जमिनीच्या तुलनेत जास्तीत जास्त ५५ व्होल्ट लागतात. जिवावर बेतणारा शॉक आणि नुसता दचकवणारा शॉक यांत हाच फरक पडू शकतो.

आमच्या हातात आलेला डबा पत्र्याचा आहे आणि त्याला दोन्ही बाजूंना हवेसाठी खाचा आहेत. आत सीआरजीओ (ट्रान्सफॉर्मरसाठीच्या खास पोलादाच्या) पत्र्यांचा गाभा आणि तांब्याची वाइंडिंग आहे. स्वस्तात ॲल्युमिनियमची तार भरलेले ट्रान्सफॉर्मरही मिळतात, म्हणून झाकण लावण्यापूर्वी आम्ही वाइंडिंग डोळ्यांनी पाहून घेतली आणि त्यांनी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या मीटरने) प्रायमरी व सेकंडरी यांच्यातले इन्सुलेशन आमच्यासमोर तपासून दाखवले. आत येणाऱ्या बाजूला २१०, २३० आणि २५० असे तीन टॅप (येणाऱ्या व्होल्टेजनुसार वाइंडिंगमधून काढलेली टोके) निवडणारा स्विच आहे. बाहेर १५ अँपिअरचे दोन अमेरिकन सॉकेट होते आणि प्रत्येक सॉकेटला स्वतःचा डबल पोल एमसीबी (जास्त प्रवाह गेला की दोन्ही तारा एकदम तोडणारा स्विच) आहे. डबल पोल असणे इथे अत्यावश्यक आहे, कारण मध्य अर्थिंगला जोडल्यामुळे दोन्ही तारा जिवंत असतात आणि एकच तोडून भागत नाही. याच कारणाने साधा निऑन टेस्टर या सॉकेटवर विश्वासाचा राहत नाही. ५५ व्होल्टवर तो पेटेलच असे नाही, त्यामुळे टेस्टर पेटला नाही म्हणून वीज नाही असे मानू नये आणि मल्टिमीटरनेच खात्री करावी.

मोजमाप केले तेव्हा घरात २२८ व्होल्ट येत होते आणि भाराशिवाय बाहेर ११२ व्होल्ट मिळाले. राउटरने सागाच्या फळीत खोल खाच घेताना क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या मीटरवर) १२ अँपिअर दिसले आणि व्होल्टेज १०७ पर्यंत उतरले. माझ्या मते ही घट मान्य करण्यासारखी आहे, कारण राउटरचा आवाज दबला नाही आणि बिटाने लाकूड करपवले नाही. सलग काम केल्यावरही डब्यावर हात ठेवता येतो. ट्रान्सफॉर्मर हे गुणोत्तर पाळणारे यंत्र आहे, स्टॅबिलायझर नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. संध्याकाळी लाइन २०० व्होल्टपर्यंत खाली आली, तर बाहेर ९६ व्होल्टच्या आसपासच मिळणार आणि अशा वेळी टॅप २१० वर घेतल्यास ते पुन्हा १०५ च्या जवळ येते. टॅप बदलताना हत्यार बंद आणि मुख्य स्विचही बंद असला पाहिजे.

क्षमतेचा हिशेब करताना अमेरिकन हत्यारांवर वॉट क्वचितच लिहिलेले असतात आणि अँपिअर लिहिलेले असतात, हे लक्षात घ्यावे. १५ अँपिअर गुणिले १२० व्होल्ट म्हणजे १८०० व्हीए. मोटार सुरू होताना प्रवाह याच्या कितीतरी पट जातो, म्हणून २ केव्हीएचा डबा कागदावर पुरेसा दिसत असला, तरी तो घेऊ नये. विक्रेता सांगतो तो आकडा सलग चालवण्याचा आहे की थांबून-थांबून चालवण्याचा, हे विचारून लेखी घ्यावे, कारण या दोहोंत निम्म्याने फरक असू शकतो.

आता बाकावरच्या ग्राइंडरकडे वळतो. राउटर, गोल करवत, हँड ड्रिल, अँगल ग्राइंडर यांच्या ब्रशच्या मोटारींना हर्ट्झचे फारसे देणेघेणे नसते आणि योग्य व्होल्टेज मिळाले की त्या सुखाने चालतात. बाकावरचा ग्राइंडर, ड्रिल प्रेस, मोठी टेबल सॉ, हवेचा कॉम्प्रेसर यांत मात्र बहुधा इंडक्शन मोटार असते. तिचा वेग वारंवारतेला, म्हणजे हर्ट्झला, बांधलेला असतो आणि ट्रान्सफॉर्मर वारंवारता बदलू शकत नाही. पाटीवर ३४५० फेरे प्रतिमिनिट लिहिलेला ग्राइंडर आपल्याकडे २८५० च्या आसपास फिरतो. दगड सावकाश फिरला, तर धोका नाही, फक्त काम थोडे रेंगाळते. खरी अडचण उष्णतेची आहे. मोटारीच्या लोखंडातले चुंबकत्व व्होल्ट भागिले हर्ट्झ या गुणोत्तरावर ठरते. १२० भागिले ६० म्हणजे २ हे तिचे मूळ गुणोत्तर आहे. ५० हर्ट्झवर १२० व्होल्ट दिले, तर ते २.४ होते, लोखंड संपृक्त होऊ लागते (त्यात आणखी चुंबकत्व मावेनासे होते), रिकामी फिरतानाही मोटार जास्त प्रवाह खेचते, घुमते आणि तापते. तेच २ हे गुणोत्तर राखायचे, तर ५० हर्ट्झवर १०० व्होल्ट द्यायला हवेत. आमच्या डब्यावर टॅप २५० वर ठेवला की घरच्या २३० व्होल्टचे बाहेर सुमारे १०१ होतात. टॅप २३० वर असताना ग्राइंडर भार नसतानाही हात लावू देत नव्हता. २५० वर घेतल्यावर त्याची घुमघुम लगेच उतरली आणि क्लॅम्प मीटरवरचा प्रवाहही ठळकपणे खाली आला. हा टॅप केवळ जास्त व्होल्टेज येणाऱ्या वस्त्यांसाठी ठेवलेला असतो, असे समजून अनेक जण त्याच्याकडे दुर्लक्ष करतील, म्हणून हे मुद्दाम विस्ताराने लिहिले.

ज्या इंडक्शन मोटारीला सुरू होण्यासाठी वेगळी वाइंडिंग आणि ती तोडणारा सेंट्रिफ्यूगल स्विच (ठरावीक वेग आला की आपोआप उघडणारा) असतो, तिच्या बाबतीत अधिक जपावे लागते. तो स्विच ६० हर्ट्झच्या वेगाला बसवलेला असल्याने आपल्याकडे उशिरा उघडतो आणि व्होल्टेज कमी असताना कधी उघडतच नाही, मग सुरुवातीची वाइंडिंग जळते. पट्ट्यावर चालणारे यंत्र असेल, तर मोटारच काढून इथली ५० हर्ट्झची बसवावी आणि पुलीचे प्रमाण १.२ पटीने बदलून मूळ वेग परत मिळवावा, हा मला सर्वांत शहाणा मार्ग वाटतो. अमेरिकेत वापरलेला, पाटीवर फक्त ६० हर्ट्झ लिहिलेला ट्रान्सफॉर्मर सोबत आणण्यातही हाच धोका आहे, कारण ५० हर्ट्झवर त्याचा गाभाही मोटारीसारखाच तापतो.

बाहेरच्या सॉकेटविषयी माझी तक्रार आहे. डब्यावर बसवलेले अमेरिकन सॉकेट हलक्या दर्जाचे निघाले, राउटरचा प्लग त्यात सैल बसायचा आणि जोर लावून काम केल्यावर पिना गरम लागायच्या. ते आम्ही काढून टाकले आणि त्यांच्या जागी पिवळ्या रंगाचे १६ अँपिअरचे औद्योगिक सॉकेट बसवले, तसेच भावाच्या सर्व हत्यारांचे चपटे प्लग कापून त्यांना पिवळे प्लग लावले. या जातीच्या प्लगांत पिवळा रंग १०० ते १३० व्होल्टसाठी आणि निळा २०० ते २५० व्होल्टसाठी राखलेला असतो आणि अर्थिंगच्या पिनेची जागा दोहोंत वेगळी असल्यामुळे एकाचा प्लग दुसऱ्यात जाऊच शकत नाही. निळे आणि लाल प्लग दुकानांत पटकन मिळतात, पिवळ्यांसाठी थोडे फिरावे लागते. घरात लहान मुले, मदतीला येणारा सुतार, पाहुणे अशा कोणाच्याही हातून आता ही हत्यारे चुकून भिंतीतल्या सॉकेटला लागू शकत नाहीत. या साऱ्या खटाटोपातला सर्वांत उपयोगी खर्च कोणता असे कोणी विचारले, तर मी या प्लगांचेच नाव घेईन.

एक्स्टेन्शन वायर नेहमी २३० व्होल्टच्या बाजूला घ्यावी आणि ट्रान्सफॉर्मर हत्याराच्या जवळ ठेवावा. तेवढ्याच शक्तीसाठी ११० व्होल्टवर प्रवाह दुप्पट लागतो. १ चौरस मिलिमीटरच्या १० मीटर वायरमधून १५ अँपिअर गेले, तर जवळजवळ ६ व्होल्ट वाटेतच जातात. ११० मधून ६ जाणे मोटारीला जाणवते आणि गुंडाळून ठेवलेली वायर तर तापून मऊ पडते. ११० च्या बाजूला लांब वायर टाळता येत नसेल, तर ती २.५ चौरस मिलिमीटरची असावी.

घरातल्या आरसीसीबीवर (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) इथे भिस्त ठेवता येत नाही, हेही घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. दोन वाइंडिंग वेगळ्या असल्यामुळे सेकंडरीच्या बाजूला गळती झाली, तर मुख्य बोर्डावरच्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला ती दिसतच नाही. म्हणून डब्याची स्वतःची अर्थिंग भक्कम हवी आणि घरच्या थ्री-पिन सॉकेटमध्ये अर्थिंगची तार खरोखर जोडलेली आहे का, हे वायरमनकडून आधी तपासून घ्यावे. चौकोनात चौकोन असे चिन्ह असलेल्या डबल इन्सुलेटेड हत्यारांना अर्थिंग लागत नाही. आमचा ग्राइंडर मात्र लोखंडी अंगाचा असल्याने त्याला ती लागतेच.

बॅटरीच्या ड्रिलसाठी ट्रान्सफॉर्मर वापरणे मला पटत नाही. त्याच कंपनीचा २३० व्होल्टचा चार्जर इथे मिळत असेल, तर तो घ्यावा. मकिटाच्या १८ व्होल्टच्या मालिकेसारख्या काही बॅटऱ्या जगभर सारख्याच असतात आणि वेगळा असतो तो फक्त चार्जर. अमेरिकेत ‘२० व्होल्ट मॅक्स’ म्हणून विकली जाणारी डीवॉल्टची बॅटरी युरोपात १८ व्होल्टची म्हणून विकली जाते. पाच सेलांचे प्रत्येकी ३.६ प्रमाणे १८ होतात आणि पूर्ण भरलेली बॅटरी २० च्या आसपास दाखवते, एवढाच तो फरक आहे. चार्जरच्या पाटीवर १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे लिहिलेले असेल, तर केवळ प्लग बदलून तो चालतो.

रत्नागिरी आणि रायगडच्या ज्या घरांतली माणसे आखाती देशांत काम करतात, त्यांना बहुधा यातले काहीच लागणार नाही, कारण दुबई, मस्कत, कुवेत इथली हत्यारे ५० हर्ट्झवर आणि आपल्याजवळच्याच व्होल्टेजवर चालतात. सौदी अरेबियाची गोष्ट वेगळी आहे. तिथे ६० हर्ट्झ आहेत आणि जुन्या घरांत १२७ व्होल्टचा पुरवठा असे, त्यामुळे तिथून आलेल्या प्रत्येक वस्तूची पाटी वाचल्यावाचून ती जोडू नये. जपानमधून आणलेले हत्यार १०० व्होल्टचे असते आणि त्यासाठी आमच्या डब्यावरचा २५० चा टॅप नेमका उपयोगी पडतो.

उरलेले दोष सांगतो. डबा दोघांनी मिळून उचलावा लागतो आणि त्याला धरायला एकच कडी दिलेली आहे. भार नसतानाही तो सुमारे ४० वॉट खातो, म्हणजे विसरून चालू ठेवल्यास दिवसाला जवळपास एक युनिट जाते. चालू करताना क्षणभर मोठा प्रवाह खेचत असल्याने घरच्या बोर्डावरचा बी प्रकारचा एमसीबी अधूनमधून पडायचा, तो वायरमनने तारेची जाडी तपासून सी प्रकारचा (असा क्षणिक प्रवाह सहन करणारा) लावून दिला. पाटीवर केव्हीए आणि व्होल्ट लिहिलेले आहेत, पण सलग भाराची मर्यादा आणि सेंटर टॅपची खूण नाही. पुढे कोणी हा डबा दुरुस्त करायला उघडला, तर त्याला दोन्ही तारा जिवंत आहेत हे आधी कळले पाहिजे, म्हणून ती खूण वाइंडरकडून कोरून घ्यायची राहिली आहे आणि तोवर आम्ही झाकणावर पक्क्या शाईने ‘५५-०-५५, मध्य अर्थिंगला’ असे लिहून ठेवले आहे.